श्रमाच्या शाळेचे शिल्पकार : कर्मवीर भाऊराव पाटील

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आईवडील दोघेही दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात. कॉलेजात नाव घातले तेव्हा कमवा आणि शिका योजनेत मला बागेचे काम मिळाले. पहिले आठ दिवस मी तोंडाला रुमाल बांधून खुरपे चालवीत होतो. निमित्त धुळीचे, खरे कारण, वर्गातल्या मुलांनी ओळखू नये हे. त्याच आठवड्यात ग्रंथालयातून कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र वाचावयास नेले आणि ही योजना कोणाच्या घामातून उभी राहिली ते कळले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीस होते. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात शिकत असताना भाऊराव जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी साफ नकार दिला. शिक्षा म्हणून बोर्डिंगमधून त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे मॅट्रिकही त्यांच्या हातून झाली नाही. ज्यांनी हजारो मुलांना मॅट्रिकपर्यंत नेले, ते स्वतः तिथवर पोहोचले नव्हते!

पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. १९१४ साली कोल्हापुरात डांबर प्रकरण घडले, तेव्हा खोटी साक्ष देण्यासाठी त्यांचा छळ झाला, तुरुंगवासही घडला. पण ते वाकले नाहीत. नांगर विकता विकता त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. मुलाच्या अंगात बळ आहे, डोक्यात बुद्धी आहे. नाही ती फी आणि शहरात राहण्याची सोय.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. एकदा मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या माउलीने जगाचा निरोप घेतला. माझ्या मते या संस्थेच्या पायातला पहिला दगड तो सौभाग्यालंकारच होय.

१९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. खेड्यातल्या मुलाने शिकावे, शिक्षक व्हावे आणि पुन्हा खेड्यातच शाळा चालवावी, अशी ती साखळी होती. शिक्षणाच्या अखेरीस भाकरीची वाटही दिसत होती. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तेथे फी नव्हती. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने शेतात, बागेत, बांधकामावर राबावे आणि त्या श्रमावर आपले शिक्षण पुरे करावे. मात्र हे केवळ कामाचे वर्ग नव्हते, ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गरिबाच्या मुलाला नुसता धंदा शिकवून बाजूला सारावे, हे भाऊरावांना मान्य नव्हते. जी पुस्तके श्रीमंताच्या मुलाला, तीच याला. जी परीक्षा त्याची, तीच याची. त्यांच्याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. पुढील वर्षी गांधीजींची हत्या झाली, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. सरकारी अनुदान बंद पडले तरी ते डगमगले नाहीत. १९५९ साली पद्मभूषण हा किताब आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. ही पदवी त्यांना लाभली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी हा कर्मयोगी अनंतात विलीन झाला. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. त्याच्या पारंब्या आज गावोगाव रुजल्या आहेत.

आज ही योजना अनेक कॉलेजांत चालते. तासाचे पैसे मिळतात, मेसचा खर्च थोडा भागतो. पण पदवी हाती आल्यावर पुढे काय, हा प्रश्न आम्हा मुलांना झोप येऊ देत नाही. भाऊरावांच्या शाळेत श्रम, पुस्तक आणि नोकरी यांचा एक धागा होता. तो आज कोठेतरी तुटला आहे, असे नम्रपणे सांगावेसे वाटते. तो सांधण्याचे काम आमच्याच पिढीला करावे लागेल.

चरित्र वाचून संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रुमाल घरी ठेवून बागेत गेलो. वर्गातली दोन मुले जवळून गेली. त्यांनी ओळखले. मीही मान वर करून हसलो आणि पुन्हा खुरपे हाती घेतले.