सोलापूरचे डॉ. कोटणीस



आपल्या सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईत शिकून ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक तिकडे गेले, त्यात ते होते.

जखमी सैनिक दूरच्या इस्पितळात पोहोचण्याआधीच रक्तस्रावाने दगावत. म्हणून कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी शस्त्रक्रियाच रणांगणाजवळ नेली. १९३९ मध्ये ते वारले. १९४१ मध्ये त्यांच्या नावाच्या इस्पितळाची धुरा कोटणीसांनी घेतली. शस्त्रक्रिया करता करता ते चिनी भाषेत विद्यार्थ्यांना शिकवीत, त्यांच्यासाठी पुस्तकही लिहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते गेले. त्यांचा मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. पण त्यांनी शिकवलेले हात काम करीत राहिले.

रस्त्यावर अपघात झाला की आपण भोवती गर्दी करतो. वाहते रक्त दाबून कसे थांबवावे, हे आपल्यापैकी किती जणांना येते? डॉक्टरांचे सोलापुरातील घर आज स्मारक आहे. मुलांना घेऊन आपण तेथे जाऊ या आणि घरटी एकाने तरी प्रथमोपचार शिकू या.