कर्मयोगी श्री संत गाडगे महाराज : जीवन व कार्य

महाराष्ट्रात देवालये उभारणारे पुण्यवंत अनेक झाले. देवालयाच्या पायरीशी आलेल्या गोरगरीब यात्रेकरूने रात्री अंग कोठे टाकावे, याची चिंता वाहणारे मात्र विरळा. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक आदी क्षेत्रांच्या ठिकाणी श्री संत गाडगे महाराजांच्या पुढाकाराने ज्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्या याच चिंतेतून.

महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी मद्याच्या व्यसनापायी अकाली निवर्तले आणि मातोश्री सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. शाळेचा योग आला नाही. गुरे राखावीत, नांगर धरावा, रात्री भजनाला बसावे, असे बालपण गेले. मामांनी सावकाराकडून कर्ज काढले होते. कागदावरील अक्षर ओळखता येत नसल्यामुळे किती फिटले आणि किती उरले, याचा थांग लागला नाही. जमीन सावकाराच्या घशात गेली व मामांनी हाय खाल्ली. घरातले दोन कर्ते पुरुष असे गेले, एक दारूने व एक ऋणाने. महाराजांच्या पुढील पन्नास वर्षांच्या उपदेशाचे मूळ येथे आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

कुंताबाईंशी विवाह झाला, मुले झाली. त्या काळी बारशाला जातभाईंना मद्य-मांसाचे जेवण घालण्याची रूढी होती व त्यासाठी कर्ज काढणे कोणास लाजिरवाणे वाटत नसे. डेबूजींनी कन्येच्या बारशाला गोडाचे साधे जेवण वाढले. मंडळी रुष्ट झाली, पण ते आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत. चारचौघांत खाली मान घालावी लागेल या भयाने माणूस खर्च करतो, हे त्यांनी त्या दिवशी ओळखले असावे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी, ते घराबाहेर पडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा व एक मातीचे गाडगे एवढाच संसार. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. त्यातच अन्न घ्यावे, त्यानेच पाणी प्यावे, मग दुसऱ्या भांड्याची गरज काय, असा सरळ हिशेब. गावात शिरताच ते प्रथम रस्ते व गटारे झाडीत. काम केल्याशिवाय भाकरी घेत नसत व श्रीमंताघरच्या पक्वान्नापेक्षा झुणका-भाकर पसंत करीत. कोणी पायांवर डोके ठेवू लागल्यास त्यांना ते मुळीच खपत नसे.

सायंकाळी कीर्तन होई. व्यासपीठ नाही, पोथी नाही. गोपाळनामाचा गजर आणि वऱ्हाडी बोलीतील प्रश्नोत्तरे. महाराज श्रोत्यांनाच विचारीत, श्रोतेच उत्तर देत, आणि उत्तर देता देता आपली चूक त्यांच्याच मुखातून बाहेर पडे. सण व लग्न यांसाठी ऋण काढू नये, नवसापायी मुक्या जनावराचा बळी देऊ नये, दारूला शिवू नये, शिवाशीव पाळू नये, हे सारे ते सांगत. पैशाची ओढाताण असेल तर जेवणाचे ताट विकून हातावर भाकरी घ्यावी, लुगडे कमी किमतीचे घ्यावे, पण मुलाचे शिक्षण थांबवू नये, हा त्यांचा आग्रह होता. घरात येणारी प्रत्येक वस्तू खरोखर हवी आहे काय, की केवळ शेजाऱ्याकडे आहे म्हणून हवी आहे, हा विचार ज्याने त्याने आपल्या मनाशीच करावा, अशी त्यांची शिकवण होती. आज महाराजांचे स्मरण पुष्कळदा खराट्यापुरतेच केले जाते, ते अपुरे आहे.

पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथे यात्रेकरू चिखलातून घसरत स्नानास जात. तेथे १९०८ मध्ये त्यांनी घाट बांधविला. पुढे तेथील यात्रेत अंध-पंगूंना अन्नदान सुरू केले. पंढरपुरात वारीच्या काळी ते वाळवंट झाडीत व वारकऱ्यांची सेवा करीत. दर्शनाची ओढ त्यांनी या सेवेतच भागविली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूंना तेव्हा निवारा मिळणे कठीण होते. त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. ही धर्मशाळा त्यांनी पुढे १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी सोपविली.

या वास्तूंसाठी लक्षावधी रुपये जमले. दाते विश्वासाने देत, कारण त्यातील पैही महाराजांच्या घराकडे वळत नसे. कुंताबाई व मुले हलाखीत झोपडीतच राहिली. या त्यागाचा भार घरच्यांनीही वाहिला, हे चरित्र वाचताना विसरून चालणार नाही. एकुलता एक पुत्र गोविंदा याच्या निधनाची वार्ता १९२३ मध्ये कोकणात कीर्तन चालू असता आली. महाराजांनी कीर्तन थांबविले नाही.

प्रबोधनकार ठाकरे यांनी महाराजांच्या हयातीतच, १९५२ साली, त्यांचे चरित्र लिहिले. त्याच वर्षी ८ फेब्रुवारी रोजी संस्थांच्या कारभारासाठी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. प्रकृती खालावत गेली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावनजीक पेढी नदीच्या परिसरात त्यांची प्राणज्योत मालवली. अमरावती येथे गाडगेनगरात त्यांची समाधी असून तेथे भाविकांना दर्शन घेता येते.