मलिक अंबर : गुलामी आधी, वर्णद्वेष मागून

निजामशाहीचा थोर कारभारी म्हणून मलिक अंबर आपणांस ठाऊक आहे. परंतु तो गुलाम का झाला, याचा विचार क्वचितच होतो.

सुमारे १५४८ साली हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, त्याचा जन्म झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच दलालांनी त्याला विकले. बगदादच्या मीर कासिम याने त्याला शिकवून शहाणे केले व अंबर हे नाव दिले. पुढे तो अहमदनगरला पेशवा चंगीझखान याच्या पदरी आला. हा धनी स्वतःही हबशी व एके काळचा गुलामच होता.

दख्खनच्या सुलतानांनी हबशी विकत घेतले ते रंग पाहून नव्हे. परमुलखात ज्याला भाऊबंद नाहीत तो शिपाई धन्याशीच इमान राखील, असा त्यात हिशेब होता. गुलामांच्या बाजारात गोरे तुर्कही विकले जात. अर्थात तेवढ्याने तो बाजार निर्दोष ठरत नाही. आईबापांपासून तोडलेल्या पोराचे दुःख कोणत्याही रंगाचे असले तरी सारखेच.

धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा याच माजी गुलामाने नवा निजामशहा गादीवर बसवून राज्य सावरले. त्याने मराठा स्वारांना हाताशी धरून मोगलांना जेरीस आणले, जमिनीची मोजणी करून धारा बसवला आणि १६१० साली खडकी वसवून तेथे नहरीने पाणी खेळवले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२४ साली भातवडीस त्याने मोगल व आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

जहांगीर बादशहाला तो कधीच हाती लागला नाही. तेव्हा बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्याच्या काळ्या रंगावरून त्याला शिव्या दिल्या. अंबरच्या छाटलेल्या शिरावर आपण बाण मारीत आहोत, असे चित्रही दरबारी चितारी अबुल हसन याच्या हातचे झाले. रंगाचा तिरस्कार येथे गुलामीचे कारण नव्हता. तो मागून, पराभवाच्या चिडीतून आला.

अंबरच्या हयातीतच, १६१९ साली, अमेरिकेतील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत आफ्रिकी माणसे विकली गेली. तंबाखूच्या मळ्यांना मजूर हवे होते. १६६२ साली कायदा झाला की आई गुलाम तर मूलही गुलाम. आधी नफा, मग कायदा आणि शेवटी त्यांच्या समर्थनासाठी काळ्यांच्या हीनत्वाचा सिद्धान्त, अशा क्रमाने तेथे द्वेष पक्का झाला. तेथे गुलामाचा वजीर होणे शक्यच नव्हते.

१६२६ साली अंबर वारला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. मोगल दरबारच्या इतिहासकारानेही त्याच्या मृत्यूनंतर त्याची थोरवी मान्य केली. जिवंतपणी ती मान्य करणे मात्र त्या दरबारास जमले नाही.