मोबाईल ट्रायपॉडपासून जुन्या एमजीपर्यंत: आट्यांना शिस्त लावणारा जोसेफ व्हिटवर्थ

तुमच्याकडे मोबाईलचा ट्रायपॉड असेल तर वरचा होल्डर काढून त्याखालचा स्क्रू बघा. हा स्क्रू पाव इंची असतो, हार्डवेअरवाल्याच्या भाषेत दोन सूत, आणि त्यावर एका इंचात २० आटे असतात. होल्डर एका कंपनीचा आणि ट्रायपॉड दुसऱ्या कंपनीचा असला, तरी तो बसतोच.

हे 'बसतोच' आज आपल्याला साधं वाटतं. दोनशे वर्षांपूर्वी मात्र एका कारखान्यातला नट दुसऱ्या कारखान्यातल्या बोल्टवर बसेल याची कसलीच खात्री नव्हती. ती खात्री देण्याचं काम ज्याने सुरू केलं, त्याचं नाव जोसेफ व्हिटवर्थ. मी दिवसभर एपीआय आणि व्हर्जनच्या भांडणात अडकलेला सॉफ्टवेअरवाला. हे नाव मला कळलं ते जुन्या गाड्यांच्या नादामुळे. जुनी ब्रिटिश गाडी मूळ रूपात आणायची म्हटलं की हा माणूस टाळताच येत नाही.

गिरणीतून पळालेला मुलगा

व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. वडील शिक्षक आणि धर्मोपदेशक. पोरगा काकांच्या सूतगिरणीत कामाला लागला. पुढे गिरणी सांभाळेल अशी घरच्यांची अपेक्षा होती, पण त्याचं लक्ष धंद्यापेक्षा यंत्रांत जास्त. शेवटी गिरणी सोडून तो मँचेस्टरला गेला आणि साधा मेकॅनिक झाला.

१८२५ मध्ये तो लंडनला हेन्री मॉड्सली यांच्या कारखान्यात दाखल झाला. अचूक लेथ बनवण्यात मॉड्सलींचं नाव तेव्हा सगळ्यात मोठं. नंतर तो जोसेफ क्लेमंट यांच्याकडे गेला. हे नाव कॉम्प्युटरवाल्यांनी लक्षात ठेवावं, कारण चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनाचे भाग क्लेमंटच्याच कारखान्यात बनत होते. म्हणजे कॉम्प्युटरचा पूर्वज आणि आपल्या नट-बोल्टचा बाप, दोघांचा पत्ता काही काळ एकच होता!

१८३३ मध्ये व्हिटवर्थ मँचेस्टरला परतला आणि स्वतःचा कारखाना काढला. अचूकता हे त्याचं वेडच होतं. धातूचा पृष्ठभाग खरोखर सपाट कसा करायचा यावर त्याने १८४० मध्ये निबंध वाचला. इंचाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतचा फरक दाखवणारं मोजणीयंत्र बनवलं आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलं.

सगळ्यांच्या बोल्टची सरासरी

त्याचं सगळ्यात मोठं काम १८४१ चं. तोपर्यंत प्रत्येक कारखाना आपल्या मनाप्रमाणे आटे पाडायचा. दूर कुठे एखाद्या यंत्राचा बोल्ट तुटला, तर तो बनवणाऱ्याकडेच जावं लागायचं. आजच्या भाषेत, प्रत्येक कंपनीचा चार्जर वेगळा.

व्हिटवर्थने ब्रिटनमधल्या वेगवेगळ्या कारखान्यांचे बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंश ठरला. आट्याचं टोक आणि तळ गोलसर. आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला इंचात किती आटे याचा तक्ता: पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२. आपल्याच कारखान्याचं माप इतरांवर न लादता त्याने सगळ्यांना जवळचं वाटेल असं माप निवडलं. रेल्वे कंपन्यांनी ते उचललं आणि हळूहळू ते ब्रिटनचं प्रमाण झालं.

क्रिमियाच्या युद्धात याचा उपयोग दिसला. नौदलाला गनबोटींसाठी इंजिनं तातडीने हवी होती. एकच नमुना ठरवून भागांचं काम वेगवेगळ्या कारखान्यांत वाटलं, आणि साधारण तीन महिन्यांत ९० इंजिनं तयार झाली.

सरकारशी त्याचं नेहमीच जमलं असं नाही. त्याने षटकोनी नळीची रायफल बनवली. चाचणीत ती सैन्याच्या रायफलपेक्षा कितीतरी अचूक ठरली. १८६० मध्ये विम्बल्डनच्या स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने हीच रायफल झाडून केलं. तरीही ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली नाही. १८६८ मध्ये त्याने स्वतःच्या पैशातून इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. अट अशी की पुस्तकी ज्ञान हवं आणि हातात कसबही हवं. डिग्री झाल्यावरही पाना धरता न येणाऱ्या आमच्यासारख्यांना ही अट झोंबणारच. शिष्यवृत्ती आजही चालू आहे.

२२ जानेवारी १८८७ ला माँटे कार्लोमध्ये तो वारला. कार्ल बेंझने मोटारगाडीचं पेटंट त्याच्या आदल्याच वर्षी घेतलं होतं.

गाडीवाल्यांची खरी डोकेदुखी

पुढे ब्रिटिश गाड्या त्याच्याच आट्यांवर उभ्या राहिल्या. १९०८ मध्ये त्याच कोनाचा, पण बारीक आट्यांचा बीएसएफ प्रकार आला, कारण इंजिनाच्या थरथराटात जाड आटे सैल व्हायचे.

पण अमेरिकेने १८६४ पासून वेगळी वाट धरली होती. विल्यम सेलर्सने ६० अंशांचा कोन सुचवला, कारण तो बनवायला सोपा. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांना एकमेकांचे सुटे भाग लागले तेव्हा हा ५ अंशांचा फरक चांगलाच महागात पडला. अखेर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने ६० अंशांवर एकमत केलं. १९५० च्या दशकात ब्रिटिश गाड्या हळूहळू नव्या आट्यांवर गेल्या. म्हणून त्या काळातल्या गाडीत दोन्ही प्रकार सापडू शकतात.

फसगत इथेच होते. पाव इंची व्हिटवर्थ आणि पाव इंची अमेरिकन, दोन्हींना २० आटे. नट चढतो, काम झालं असं वाटतं. पण कोन वेगळा असल्यामुळे आटे एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. अर्ध्या इंचाला तर १२ विरुद्ध १३. जोर लावून फिरवला की ब्लॉकमधले आटे गेलेच. बोल्ट नवा मिळेल, पण सत्तर वर्षांपूर्वीचा इंजिन ब्लॉक कुठून आणणार?

पान्याचंही तसंच. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही. पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड सुमारे १३.३ मिलिमीटर असतं. आपला १३ चा पाना बसत नाही, १४ चा घसरतो आणि बोल्टचं डोकं गोल करून ठेवतो.

सगळ्यात भारी किस्सा मॉरिस आणि एमजीचा. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने कॉव्हेंट्रीत शस्त्रांचा कारखाना टाकला होता. युद्धानंतर तिथे मॉरिससाठी इंजिनं बनू लागली. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे आटे मेट्रिक. पण ब्रिटिश मेकॅनिककडे पाने व्हिटवर्थचे. मग तोडगा काय? आटे मेट्रिक, डोकं व्हिटवर्थ! हा प्रकार १९५० च्या दशकापर्यंत एमजी टीसी, टीडीच्या इंजिनांत चालू राहिला. त्यातला ८ मिलिमीटरचा बोल्ट १ मिलिमीटर पिचचा, आणि आज दुकानात सहज मिळणारा १.२५ चा.

मूळ बोल्ट ओळखायचा कसा?

• काढलेला एकही जुना बोल्ट फेकू नका. कुठून काढला ते लिहून पिशवीत ठेवा, फोटो काढा.
• पिच गेज घ्या, ५५ आणि ६० अंशांचे वेगवेगळे. नुसती जाडी मोजून काही कळत नाही.
• डोक्यावरची अक्षरं बघा. बनवणाऱ्याची खूण आणि डोक्याचा आकार यांवरून काळ कळतो. युद्धकाळात धातू वाचवायला ब्रिटिश बोल्टची डोकी एक माप लहान केली होती.
• आधी हाताने फिरवा. दोन-तीन आटे सहज गेले नाहीत तर पाना लावूच नका.

आणि हो, व्हिटवर्थ शोधायला जुनी गाडीच हवी असं नाही. आपल्याकडे घरच्या नळाचे आटे ब्रिटिश पाइप पद्धतीचे असतात. पुढच्या वेळी प्लंबर टेप गुंडाळून अर्धा इंची नळ बसवेल तेव्हा जवळून बघा: इंचात १४ आटे, आणि कोन ५५ अंश.