पाव्हो नुर्मी : अरण्यवाटांवरचा धावपटू

फिनलंड हा युरोपच्या उत्तरेकडील सरोवरांचा आणि सूचिपर्णी अरण्यांचा देश. त्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील तुर्कू नगरात १३ जून १८९७ रोजी एका सुताराच्या घरी पाव्हो नुर्मी याचा जन्म झाला. १९१० साली पित्याचे छत्र हरपले आणि घरात दारिद्र्य आले. आईने स्वयंपाकघर दुसऱ्या कुटुंबास भाड्याने दिले व मुलांसह एकाच खोलीत संसार मांडला. बुद्धिमान असूनही पाव्होला शाळा सोडावी लागली. एका बेकरीत तो हरकाम्या म्हणून राहिला. मालाने लादलेली हातगाडी चढावावरून ढकलीत नेणे हे त्याचे नित्याचे काम. आपल्या पायांत व पाठीत बळ आले ते या गाडीमुळे, असे तो पुढे सांगत असे.

१९१२ साली स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने झाले. फिनलंड त्या वेळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. हान्नेस कोलेमायनेन या फिनिश धावपटूने तेथे तीन सुवर्णपदके मिळविली; परंतु त्याच्या विजयानंतर ध्वज फडकला तो रशियाचा. या वार्तेने पंधरा वर्षांच्या पाव्होचे मन पेटले. थोड्याच दिवसांत त्याने पैसे साठवून धावण्याचे पहिले बूट विकत घेतले.

त्याला ना गुरू होता, ना आखलेले क्रीडांगण. उन्हाळ्यात अरण्यातील पाऊलवाटा तुडवाव्यात, हिवाळ्यात बर्फावरून स्कीने दूरवर जावे, एवढाच त्याचा अभ्यासक्रम. किती अंतर गेले याची मोजदाद नाही, सोबतीला कोणी नाही, टाळ्या वाजविणारे तर नाहीतच. दिवसभर गाडी ओढून थकलेला मुलगा संध्याकाळी पुन्हा अरण्याकडे वळतो, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. अर्ध्या वाटेवरून परतला असता, तर त्याला विचारणारे कोण होते? पदकांपेक्षा मला या अज्ञात संध्याकाळींचे मोल अधिक वाटते. मात्र येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आरंभीचा आपला सराव फार संथ आणि एकांगी होता, असे नुर्मीचेच उत्तरायुष्यातील मत होते. अरण्याने त्याला दम दिला, निग्रह दिला. वेग मात्र त्याला पुढे निराळ्या अभ्यासाने मिळवावा लागला.

१९१९ साली तो सैन्यात दाखल झाला. तेथे खांद्यावर बंदूक आणि पाठीवर वाळूने भरलेली पिशवी घेऊन दूरवर कूच करण्याची स्पर्धा असे. इतर सैनिक चालत. नुर्मी सगळे अंतर धावत गेला!

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्याची पहिली मोठी शर्यत ५,००० मीटरची. तीत तो हरला. महायुद्धातील विषारी वायूने ज्याची फुप्फुसे दुखावली होती, त्या फ्रान्सच्या गियेमोने त्याला मागे टाकले. तीनच दिवसांनी १०,००० मीटरमध्ये नुर्मीने त्याची परतफेड केली, आणि एकंदर तीन सुवर्णपदके घेऊन तो घरी परतला. याच ऑलिंपिकमधील मॅरेथॉन कोलेमायनेनने जिंकली, आणि त्याच शर्यतीत आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले धावून एकोणिसावे आले, हे येथील विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानी ठेवावे.

पराभवाने त्याला वेगाचा हिशेब शिकविला. हातात घड्याळ घेऊन धावणारा नुर्मी जगाला परिचित झाला तो यानंतर. प्रतिस्पर्ध्याकडे न पाहता तो घड्याळाकडे पाही, आणि अखेरच्या टप्प्यापूर्वी ते गवतावर टाकून देई. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १,५०० व ५,००० मीटरच्या अंतिम शर्यती एकाच दिवशी, तासाभराच्याही आत होत्या. त्याने दोन्ही जिंकल्या.

दोनच दिवसांनी, १२ जुलैला, रानावनातील शर्यत झाली. उष्मा ४० अंशांच्या आसपास, वाट काटेरी झुडपांची, आणि जवळच्या कारखान्याचा धूर. ३८ जण निघाले. १५ च पोहोचले. वाटेत धावपटू भोवळ येऊन कोसळत होते. नुर्मी दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दीड मिनिट आधी, जणू फेरफटका करून यावे तसा परतला. ही शर्यत पुन्हा कधी ऑलिंपिकमध्ये ठेवली गेली नाही. त्या वर्षीची त्याची सुवर्णपदके पाच. १०,००० मीटरसाठी त्याचे नाव अधिकाऱ्यांनीच दिले नव्हते. तेव्हा मायदेशी परतल्यावर त्याने त्या अंतराचा जागतिक विक्रमच मोडला.

१९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकनंतर त्याची एकूण पदके बारा झाली. त्यांत नऊ सुवर्णाची. मॅरेथॉन जिंकून निवृत्त व्हावे ही एकच इच्छा उरली होती. परंतु प्रवासखर्चाच्या नावाखाली पैसे घेतल्याचा ठपका ठेवून १९३२ साली त्याला व्यावसायिक ठरविण्यात आले. तो लॉस एंजेलिसला गेला, तेथे सराव केला. पण त्याला शर्यतीत उतरू दिले नाही. हा घाव त्याने मुकाट्याने सोसला. तो मुळातच अबोल. हसू क्वचित, मित्र थोडे. ज्या एकांताने त्याला घडविले तो त्याला शेवटपर्यंत सुटला नाही, असे म्हणावेसे वाटते. पुढे कापडाचे दुकान व इमारतींची कंत्राटे यांतून त्याने पुष्कळ धन मिळविले.

१९ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी ऑलिंपिकच्या उद्‌घाटनप्रसंगी मशाल घेऊन क्रीडांगणात कोण येणार, हे गुप्त ठेवले होते. द्वारातून ५५ वर्षांचा नुर्मी धावत आला, आणि त्याची ती ओळखीची चाल दिसताच देशोदेशीचे खेळाडू रांगा मोडून त्याला पाहण्यास धावले. मनोऱ्यावरील ज्योत पेटविली ती वृद्ध कोलेमायनेनने. याच सामन्यांत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले.

अखेरची वर्षे हृदयविकाराने ग्रासलेली गेली. त्या रोगाच्या संशोधनासाठी १९६८ साली त्याने आपल्या धनातून एक निधी स्थापिला. २ ऑक्टोबर १९७३ रोजी हेलसिंकी येथे त्याचे निधन झाले. शासकीय इतमामाने निरोप दिल्यावर त्याला तुर्कूच्याच भूमीत पुरण्यात आले.