दरड किती लांब येते? अल्बर्ट हाइम यांनी मोजलेला कोन

डोंबिवलीतून मलंगगड दिसतो. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हापासून त्या डोंगराकडे बघताना मला एकच प्रश्न पडतो: कोसळलेला डोंगर किती लांब येईल?

अल्बर्ट हाइम यांनी याचाच शोध घेतला. 1849 मध्ये झुरिकला जन्म, 24व्या वर्षी तिथेच भूशास्त्राचे प्राध्यापक. 1881 मध्ये स्वित्झर्लंडच्या एल्म गावात पाटीच्या दगडाची खाण खोदून पोखरलेला डोंगर कोसळला, 115 माणसं गेली. हाइम यांनी त्या दरडीचा बारकाईने अभ्यास केला.

आता फोनमधलं लेव्हल ॲप उघडा. फोन पुस्तकावर ठेवा, खाली उशी ठेवा आणि पुस्तक हळूहळू तिरकं करा. ज्या कोनाला फोन घसरला, तो घर्षणाचा कोन.

हाइम यांनी दरडीचं वरचं टोक आणि ती थांबली ते टोक जोडून असाच कोन काढला. सुटे दगड साधारण 30 अंशांच्या उतारावर थांबतात. एल्मचा कोन 20 अंशांच्याही खाली होता! दरड मोठी, तर कोन लहान. जणू घर्षणच घटलं.

1932 मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं, 1937 मध्ये ते गेले. मी मात्र आता डोंगराचा नुसता उतार बघत नाही. पायथ्यापासून घर किती लांब आहे, तेही बघतो.