चोखोबांना अर्पिलेला ग्रंथ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १८९१ साली महूस जन्मले. वडील रामजी कबीरपंथी. घरात नित्य भजन. १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि आपल्या चोखोबांच्या स्मृतीस वाहिला. १९५४ साली देहूरोडला ते म्हणाले, पंढरीचा पांडुरंग हा बुद्धच. आपले संतही विठोबास बौद्ध अवतार म्हणतात. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेऊन त्यांनी लाखोंना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध विष्णूचा अवतार नव्हे, ही एक होती. वारकऱ्याला हे बोचतं खरं. पण चोखोबा महाद्वाराबाहेरच राहिले, आणि ते दार उघडायला १९४७ साल नि साने गुरुजींचे उपोषण लागले, हेही आपणच सांगावे. दीक्षेला दोन महिने व्हायच्या आत, ६ डिसेंबरला, दिल्लीत बाबासाहेब गेले.